काळ्या लोकरीचा चौकोन

सोलापुरात माझ्या मावशीकडे दर गुरुवारी दुपारी सात-आठ जणी जमतात. प्रत्येकीच्या हातात क्रोशाची सुई, मांडीवर लोकरीचा गुंडा. आठवडाभरात विणलेले वीत-वीतभराचे चौकोन मधल्या सतरंजीवर टाकायचे, रंग जुळवायचे, आणि अठ्ठेचाळीस चौकोन झाले की जोडून त्याचं एक पांघरूण करायचं. सहा आडवे, आठ उभे. थंडी पडायच्या आत ही पांघरुणं अनाथाश्रमातल्या मुलांकडे आणि दवाखान्यातल्या बाळंतिणींकडे जातात. कुणाकडून वर्गणी नाही, पाटी नाही, फोटो नाही. चेन्नईत ३१ जानेवारी २०१६ रोजी शेकडो बायकांनी मिळून ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण जोडून विश्वविक्रम केला आणि मग ते उसवून गरजूंना वाटलं, ही गोष्ट इथल्या सगळ्यांना पाठ आहे. "आपला तर एका बाळापुरताच विक्रम," मावशी म्हणते आणि पुढचा खांब घालते.

संपादकांनी मला या मंडळींवरच लिहायला सांगितलं होतं. साखळी, खांब, मुका खांब ही टाक्यांची नावं मी वहीत उतरवत होते. तेवढ्यात एका गुंड्याची कागदी पट्टी हातात आली. लुधियानाचा पत्ता आणि खाली अक्षरं: १०० टक्के ॲक्रिलिक. दुसरा गुंडा पाहिला, तिसरा पाहिला. सगळ्यांवर तेच. ज्याला आपण सगळे लोकर म्हणतो, दुकानदार लोकर म्हणून विकतो, त्यात मेंढीचा एक केस नव्हता.

"मग खरी लोकर कुठं मिळते?" मी विचारलं.

"सांगोल्याकडं बघ की," एक जण म्हणाली. तिचं माहेर तिकडचं. "तिकडं तर बांधावर टाकून देतात."

लेखाचा विषय तिथंच बदलला.

सोलापूर हे सुताचं गाव. १८७७ साली इथं पहिली कापड गिरणी उभी राहिली, तीच पुढं 'जुनी मिल' म्हणून ओळखली गेली. गिरणीच्या भोंग्यावर शहर उठायचं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी इथं माग मांडले, जकार्डवर फुलं-वेली काढलेली सुती चादर घराघरांत पोहोचवली, आणि सोलापुरी चादर व टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. हा सगळा इतिहास अनेकदा लिहून झाला आहे. पण तो कापसाचा इतिहास आहे. याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, सांगोला-मंगळवेढ्याच्या माळावर, मेंढीच्या केसांचा दुसरा एक इतिहास आहे. त्याला भोंगा नव्हता, त्यामुळं तो थांबला तेव्हाही कुणाला आवाज आला नाही. पंढरपुरात घोंगडे गल्ली आहे, सोलापुरात घोंगडे वस्ती आहे. नावं तेवढी राहिली आहेत.

सांगोला तालुक्यातल्या एका वस्तीवर मला कातणाऱ्या आजी भेटल्या. वय त्यांना सांगता येत नाही. मोठ्या दुष्काळात, म्हणजे १९७२ साली, थोरला मुलगा पाच वर्षांचा होता एवढं आठवतं. पडवीत रहाट मांडलेला. चाकाच्या आऱ्यांना दोरी आवळून केलेली कड, कडेवरून गेलेली माळ, टोकाला लोखंडी चाती. चाकाचं लाकूड हातानं झिजून गुळगुळीत झालेलं.

मी तीन दिवस त्या रहाटासमोर बसले, आणि खरं सांगायचं तर दोन तासांत निघायचं ठरवून गेले होते.

लोकर पोत्यातून निघते तेव्हा ती लोकर वाटतच नाही. तिच्यात कुसळं असतात, गोखरू असतो, वाळलेली लेंडी असते, मेंढीच्या अंगाची तेलकट माया असते. आधी काळी, करडी, पांढरी अशी निवडायची. मग काठीनं झोडायची, बोटांनी एकेक पुंजका उकलायचा. मग पिंजायची. पूर्वी हे काम तातीच्या कमानीवर चालायचं, आता कुठं यंत्र असेल तर तिथं पोतं पाठवतात. पिंजलेली लोकर हातावर वळून पेळू करायचे आणि मग कुठं कातायला बसायचं.

इकडच्या दख्खनी मेंढीची लोकर मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीच्या जवळजवळ दुप्पट जाड. आखूड, ताठ, राठ. मऊ लोकरीच्या तंतूला नागमोडी वळणं असतात, ती एकमेकांत अडकतात आणि धागा आपोआप धरून राहतो. दख्खनी केस तसा धरत नाही, निसटतो. म्हणून त्याला पीळ नेमका लागतो. कमी पडला तर धागा हातातच सुटतो, जास्त झाला तर तो स्वतःभोवतीच वेटोळी घालतो. आजी बोटांना चिमूटभर राख लावतात, उजव्या हातानं चाक फिरवतात आणि डावा हात पेळूसकट मागं नेत राहतात. हात खांद्याच्या मागं जाईपर्यंत धागा लांबतो. मग क्षणभर सगळं थांबतं. चाक किंचित उलटं फिरतं, धागा चातीच्या टोकावरून सुटतो, आणि पुन्हा सुलट फिरवून तो चातीवर गुंडाळला जातो. त्या थांबलेल्या क्षणात त्या अंगठ्यानं पीळ तपासतात. नजर तेव्हा अंगणातल्या कोंबड्यांवर असते.

मला त्यांनी बसवून पाहिलं. माझा धागा वीतभर झाला की तुटायचा. सातव्यांदा तुटला तेव्हा त्यांनी माझा हात धरून मागं ओढला. "ओढू नगं पोरी. त्याला येऊ दे." तेव्हा माझा हात किती ताठलाय ते मला कळलं.

एका घोंगडीला अडीच-तीन किलो सूत लागतं. निवडणं, पिंजणं आणि कातणं धरून आजींचे वीस दिवस जातात. मागावर तीच घोंगडी दोन-तीन दिवसांत उतरते. लोक घोंगडी विणणाऱ्याचं नाव घेतात, पाळणाऱ्याचं घेतात. मधल्या वीस दिवसांना नाव नाही. मेंढरं धनगराची, सूत त्याच्या घरच्या बाईचं, विणणारा सणगर, अशी ही जुनी वाटणी होती; पैशाचा व्यवहार कमी, सुताच्या आणि धान्याच्या बदल्यात काम चालायचं. त्यात कातण्याचा भाव कुणी कधी वेगळा लावलाच नाही, कारण ते घरातलं काम होतं.

सुतापासून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं ते शेजारच्या गावातल्या एका सणगर मामांकडं. तिथं चिंचोक्यांनी मला अडवून धरलं.

हातानं कातलेल्या धाग्यातून केस बाहेर आलेले असतात. मागावर ताण्याचे शेकडो धागे एकमेकांना खेटून असतात. वरचे आणि खालचे वेगळे झाले तरच मधून धोटा जाणार. केसाळ धागे एकमेकांना चिकटले की माग तिथंच अडतो, आणि झटका दिला तर धागा तुटतो. यावर उपाय म्हणजे चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजून टरफल काढायचं, रात्रभर भिजवायचे, वाटायचे आणि मोठ्या भांड्यात शिजवत बसायचं, चिकट लापशीसारखं होईपर्यंत. पहाटे माळावर ताणा लांबच लांब ताणून बांधायचा आणि मोठ्या कुंच्यानं ही खळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं चोळत न्यायची. केस खाली बसतात, ऊन वर येतं तसा ताणा वाळतो आणि तारेसारखा कडक होतो. हीच पांजणी. चिंचोक्याच्या पिठाची खळ कापडाच्या आणि तागाच्या कारखान्यांतही वापरतात, मामांना ते मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग काय, चांगलं ते चांगलंच."

पाऊस आला, ढग जरी आले, तरी पांजणी होत नाही. म्हणजे पावसासाठी लागणारी घोंगडी पावसाळ्यात विणताच येत नाही. उन्हाळ्यात विणून ठेवायची, मृगाच्या आधी विकायची. नवी घोंगडी पत्र्यासारखी ताठ उभी राहते ती या खळीमुळंच. तिची खोळ करून डोक्यावर घेतली की मेंढपाळ दिवसभर पावसात उभा राहतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल पिते तरी हाताला कोरडी लागते, आणि ओल पिताना थोडी ऊबही देते. पण एकदा पुरती भिजली की वजन उचलवत नाही आणि चार-चार दिवस वाळत नाही. 'भिजत घोंगडं' हा शब्द कचेरीतल्या फायलींसाठी आपण वापरतो. तो ज्यानं प्रथम वापरला त्यानं दोरीवरचं घोंगडं रोज चाचपून पाहिलं असणार.

या मुलखात लोकर देवाचीही आहे. मंगळवेढा तालुक्यातल्या हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाची यात्रा भरते, तेव्हा पालख्यांवर भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली 'श्री विठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात पंढरीच्या देवाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधलं. हुलजंतीहून पंढरपूर काही फार लांब नाही.

मी निघताना आजींनी मूठभर सुताची एक कुकडी दिली. गुरुवारी ती मावशीच्या सतरंजीवर ठेवली. सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली, नाकाशी नेली. मावशीनं सर्वांत जाड सुई काढली. पहिल्याच साखळीला धागा सुईच्या आकड्यात अडकला. केस एकमेकांत गुंतले, सोडवायला गेली तर तुटला. दुसरीनं दोन सुयांवर सुलट-उलट टाके घालून पाहिले. ते जमलं, पण फार सावकाश. अडीच तासांत एक चौकोन झाला, काळा, जड, कडेनं वाकडा. तिथं एकीची आठ महिन्यांची नात होती. चौकोन तिच्या गालाशी नेला तर तिनं तोंड फिरवून भोकाड पसरलं.

तिथं माझा उत्साह मावळला. ही लोकर टोचते. बाळाच्या अंगाला ती चालणार नाही, हे मावशीचं म्हणणं खरं आहे. गावात लोकर फुकट पडली आहे, शहरात चौदा-सोळा हात रिकामे आहेत, दोन्ही जोडले की झालं, असं मी बसमध्ये बसून ठरवून टाकलं होतं.

आणि फुकट पडली आहे म्हणून ती मिळेल, हेही खरं नाही. आजींच्या मुलाच्या कळपात दोनशेच्या वर मेंढरं आहेत. त्यांतली काळी दख्खनी वीस-बावीस. बाकी सगळी माडग्याळ. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून हे नाव आलं. अंगानं थोराड, पोपटासारखं बाकदार नाक, वजन झटपट भरतं, आणि अंगावर लोकर नावापुरती. २०२० साली आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्याला ७० लाख रुपयांची मागणी आली, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो छापून आले. इकडं दख्खनी मेंढीची एका कातरणीची लोकर पाव-अर्धा किलो. तिचे पैसे येत नाहीत; उलट कातरणाऱ्याला मजुरी द्यावी लागते. मटणाला भाव आहे, शेतात मेंढरं बसवली की खताचे पैसे मिळतात. मग लोकरीसाठी काळी मेंढी का पाळावी, हे मुलानं मला विचारलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. सांगोल्याजवळ महूदला मेंढी-शेळी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. पण प्रक्षेत्रावर जात जपता येईल, पडवीतला रहाट कसा जपणार?

घोंगडीची गिऱ्हाइकंही गेली. शेतकरी पावसात प्लास्टिकचा कागद घेतो, थंडीत ब्लँकेट. हे ब्लँकेट बहुधा पानिपतचं. थंड देशांतल्या लोकांनी दान केलेले जुने स्वेटर, कोट जहाजांतून भारतात येतात. पानिपतच्या कारखान्यांत ते फाडून, पिंजून त्यांचा धागा होतो आणि त्याची करडी ब्लँकेटं होतात. जगात भूकंप, पूर झाला की मदतीच्या गाड्यांतून वर्षानुवर्षं हीच ब्लँकेटं गेली. आता त्यांनाही पॉलिएस्टरनं मागं सारलं. उघड्यावर झोपलेल्या माणसाला आज रात्री ऊब हवी असते, ती स्वस्तात देता येते, हे चांगलंच आहे. दान करणाऱ्या कुणाही माणसानं घोंगडीचा भाव ऐकून शंभर ब्लँकेटं घेतली तर मी त्याला दोष देणार नाही. फक्त तो भाव ऐकताना त्यातले वीस दिवस ऐकू यावेत एवढंच मला वाटतं.

घोंगडी शहरांत पुन्हा विकली जाऊ लागली आहे. योगासनांची आसनं, पिशव्या, गालिचे होतात. मामांकडं मागणी येते. "माग आज बसवतो," ते म्हणाले, "सूत आणून द्या." त्यांच्या माहितीत कातणाऱ्या पाच जणी उरल्या आहेत. आजी त्यांत सर्वांत थोरल्या. त्यांच्या सुनेला कातता येतं, पण ती डाळिंबाच्या बागेत मजुरीला जाते आणि संध्याकाळी रोख पैसे घेऊन घरी येते. वीस दिवस रहाटावर बसून तिला किती मिळतील, हा हिशोब तिनं केला आहे. मीही केला. ती बागेत जाते ते बरोबर आहे.

तो काळा चौकोन मी परत नेऊन आजींना दाखवला. बाळ रडलं तेही सांगितलं. त्या चौकोनावर अंगठा फिरवत बसल्या. "हे थोरल्या मेंढराचं हाय," म्हणाल्या. "तान्ह्या लेकराला जावळाचं लागतंय."

कोकराची पहिली कातरणी म्हणजे जावळ. ती लोकर सगळ्यांत मऊ, तिच्या घोंगडीचा भाव सगळ्यांत जास्त. दिवाळीच्या सुमारास झालेल्या कोकरांचं जावळ वैशाखात उतरतं. एका पांघरुणाला पुरेल इतकं सूत व्हायला किती कोकरं लागतील, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली. यंदा काळी कोकरं चारच आहेत.

आम्ही वाड्याकडं गेलो. संध्याकाळ झाली होती, मेंढरं परत आली होती. आजींनी कनवटीतून लाल दोरा काढला, चारही कोकरं एकेक करून धरली आणि त्यांच्या गळ्यात दोरा बांधला, कातरणाऱ्यानं त्यांची लोकर वेगळी ठेवावी म्हणून. चौथं फार ओढ घेत होतं. ते मी धरलं.