पिट्सबर्गने दिलेला शब्द

पृथ्वीची वाढती उष्णता आवरण्यासाठी राष्ट्रांनी २०१५ साली पॅरिस येथे करार केला. १ जून २०१७ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यातून अंग काढून घेण्याचे जाहीर केले. आपण पिट्सबर्गच्या नागरिकांचे प्रतिनिधी आहोत, पॅरिसच्या नव्हे, असे ते म्हणाले. त्याच दिवशी पिट्सबर्गचेच महापौर बिल पेडुटो यांनी कळविले की, आमचे शहर करार पाळील. पोलादाच्या भट्ट्यांच्या धुरामुळे तेथे एके काळी भर दुपारी रस्त्यांवरील दिवे लावावे लागत. धुराची किंमत त्या शहरास ठाऊक होती. अमेरिका २०२१ साली करारात परतली आणि २०२६ मध्ये पुन्हा बाहेर पडली. शहराच्या हाती सारे नसते. पण स्वतःचे दिवे, इमारती व गाड्या असतात. वाचकहो, थोरल्याने शब्द मोडला, म्हणून धाकट्याचा शब्द सुटत नाही.