गवताची काडी आणि विजेचा दिवा

आमच्या घरी देवघरात झिरोचा एक लाल दिवा होता. तो रात्रभर जळायचा. मी शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस. एकदा न राहवून मी वडिलांना म्हणालो, "बाबा, हा नावाचाच झिरो आहे. पंधरा वॉट वीज खातो." बाबांनी मीटरकडे बोट दाखवलं. "ते फिरते काय याच्यानं? नाही फिरत. मंग झिरोच." त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. जुन्या मीटरांवर एवढा बारीक भार धड नोंदलाच जात नसे.

पुढे २००८ च्या सुमारास मी ओसरीवरचा साठ वॉटचा बल्ब काढला आणि सीएफएल लावला. संध्याकाळी बाबांनी बटण दाबलं, पांढरट उजेडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू आनला, तू लावला. मले कोनं इचारलं?" दुसऱ्या दिवशी जुना बल्ब परत जागेवर! तेव्हा मला हसू आलं होतं. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट, असं वाटलं होतं. पण हाच प्रश्न त्याच सुमारास अमेरिकेत भर संसदेत विचारला जात होता, आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तो १९३० सालीच विचारून झाला होता. आज त्याविषयीच थोडं बोलायचं आहे.

आधी दिव्याचा हिशेब पाहू. तारेच्या बल्बमध्ये बारीक तार तापून लाल-पांढरी होते आणि उजेड देते. तिला दिलेल्या विजेचा जेमतेम विसावा भाग उजेडात जातो, बाकी सगळी उष्णता. हिवाळ्यात त्यावर हात शेकता यायचे, ते उगाच नाही. साठ वॉटच्या बल्बइतका उजेड एलईडी दिवा नऊ वॉटमध्ये देतो. रोज पाच तास दिवा लावला तर महिन्याला बल्बचे नऊ युनिट होतात, एलईडीचे दीड युनिटसुद्धा होत नाहीत. आता हेच मोठं करून पाहा. एक कोटी घरांत संध्याकाळी एकाच वेळी साठऐवजी नऊ वॉटचा एकेक दिवा लागला, तर ५१० मेगावॉटचा भार वाचतो. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात पाचशे मेगावॉटचे संच आहेत. म्हणजे असा एक अख्खा संच वाचल्यासारखं झालं!

एवढा सरळ हिशेब असताना कोणी विरोध का करावा? अमेरिकेत तो झाला, आणि जोरात झाला. डिसेंबर २००७ मध्ये तिथं ऊर्जेचा एक कायदा झाला. ठरावीक वीज खाऊन ठरावीक उजेड न देणारे बल्ब २०१२ पासून टप्प्याटप्प्यानं विकता येऊ नयेत, अशी त्यात तरतूद होती. सही करणारे अध्यक्ष होते जॉर्ज बुश, म्हणजे रिपब्लिकन पक्षाचेच. पण त्यांच्याच पक्षाच्या मिशेल बाकमन यांनी २००८ मध्ये या तरतुदीविरुद्ध विधेयक आणलं. त्याच्या नावातच दिवा निवडण्याचं स्वातंत्र्य होतं. २००९ मध्ये तिथं 'टी पार्टी' नावाची चळवळ उभी राहिली. सरकारनं खर्च कमी करावा, कर कमी करावेत, आमच्या घरात डोकावू नये, असं म्हणणारे लोक फलक घेऊन रस्त्यावर आले. त्यांच्या दृष्टीनं बल्ब हे सरकारच्या लुडबुडीचं घरगुती उदाहरण होतं. २०११ मध्ये टेक्सास राज्यानं तर आपल्याच राज्यात बनलेल्या आणि विकलेल्या बल्बांना हा नियम लागू नाही, असा कायदा केला. पुढं सरकारं बदलली तसे नियमही मागेपुढे झाले. २०१९ मध्ये ते सैल झाले, ऑगस्ट २०२३ पासून पुन्हा कडक झाले.

या मंडळींचं म्हणणं काय होतं? एक, दिवा माझ्या घरातला, बिल मी भरतो, तर निवड माझी. दोन, नवा दिवा खरंच चांगला असेल तर लोक आपण होऊन घेतील. कायद्याची काठी कशाला? तीन, सीएफएलमध्ये थोडा का होईना पारा असतो, तो फुटला तर काय करायचं? ही तिसरी शंका खोटी नव्हती. पहिल्या दोन मुद्द्यांतही थोडं तथ्य आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. महाग सीएफएलवर 'पर्यावरण वाचवा' अशी चिठ्ठी लावली, तर उजव्या विचारांचे लोक तो कमी घेत. चिठ्ठी काढली की हा फरक दिसेना. दिवा तोच, किंमत तीच. अडचण होती ती चिठ्ठीतल्या उपदेशाची.

आता गंमत अशी, की परंपरा मानणाऱ्या माणसाला रस्त्यावरचं आंदोलन मुळात आवडत नाही. आमचे बाबा त्यातलेच. १९७९ मध्ये मी कॉलेजात असताना महागाईविरुद्धच्या एका मोर्च्यात गेलो, तर ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. 'घोषणांनी ज्वारी पिकत नाही,' एवढंच आईजवळ म्हणाले. या विचाराला मोठा आधारही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर काही परंपरावादी नव्हते. पण २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनीही बजावलं होतं, की सनदशीर मार्ग खुले झाल्यावर कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह मागे ठेवले पाहिजेत. मात्र सनदशीर मार्ग नव्हता तेव्हा त्या पद्धतींना समर्थन होतं, हेही त्यांनी मान्य केलं होतं. मोर्च्याला नाक मुरडणारे ही दुसरी बाजू सहसा विसरतात.

ती दुसरी बाजू आपल्या जिल्ह्यानं पाहिली आहे. वणीत जन्मलेले आणि यवतमाळला वकिली केलेले लोकनायक बापूजी अणे हे टिळकांचे अनुयायी, संस्कृतचे पंडित, सनातनी वळणाचे गृहस्थ. गांधीजींचा असहकार त्यांना पटला नव्हता. कायदेमंडळात जाऊन जमेल तिथं सहकार्य करावं, जमणार नाही तिथं अडवावं, हा त्यांचा मार्ग. असा माणूस १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात गेला आणि त्यानं परवान्याशिवाय गवत कापलं! त्यांना अटक झाली, शिक्षाही झाली. वऱ्हाडाला समुद्र नाही, तेव्हा मिठाचा सत्याग्रह करायचा कुठं? पण जंगल होतं. आणि ज्या रानात आजे-पणजे गुरं चारत आले, तिथल्या गवताच्या काडीलाही सरकारचा परवाना लागत होता. त्याच महिन्यात, २१ जुलैला, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. हेडगेवार यांनीही यवतमाळजवळ जंगल सत्याग्रह केला आणि अकोल्याच्या तुरुंगात शिक्षा भोगली. जाताना सरसंघचालकपद त्यांनी डॉ. परांजपे यांच्याकडे सोपवलं आणि संघटना म्हणून संघाला आंदोलनात उतरवलं नाही. व्यक्ती म्हणून जावं, संस्था बाजूला ठेवावी, असा तो सावध विचार.

अण्यांसारख्या माणसानं कायदा का मोडला असेल? मला वाटतं, त्यांच्या लेखी आधी कायद्यानंच रीत मोडली होती. परंपरा मानणारा माणूस बंड करतो ते बहुधा नवं काही आणण्यासाठी नव्हे, तर आपल्या चालत्या वहिवाटीत न विचारता कोणी हात घातला म्हणून.

पुढच्या काळात शरद जोशींचं उदाहरण आहे. अर्थकारणात ते खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते. सरकारी सवलतींपेक्षा घामाला दाम मागणारे. पण त्यांच्या शेतकरी संघटनेनं लाखो शेतकरी रस्त्यावर आणले. कापूस एकाधिकार योजनेत शेतकऱ्याला आपला कापूस हवा तिथं विकायची मुभा नव्हती, त्यालाही त्यांचा विरोध होता. माझा माल कुठं विकायचा हे ठरवणारे तुम्ही कोण, हा सवाल पुन्हा तोच.

आता आमच्या गावाकडे येऊ. २००५ नंतरची ती भारनियमनाची वर्षं तुम्हाला आठवत असतील. 'लाइन गेली' हे वाक्य लहान मुलं बोलायला लागताच शिकत. खेड्यात दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसे आणि मोटरीसाठी मिळे ती मध्यरात्री. विंचूकाट्यात हरभऱ्याला पाणी द्यायला जायचं. कोळसा आमच्या वणीच्या खाणींतून निघतो, धूळ तिथली माणसं खातात आणि दिवे दूरच्या शहरांत लागतात, हे शल्य वेगळंच. २००६ च्या उन्हाळ्यात गावातली मंडळी कंदील घेऊन वीज उपकेंद्रासमोर बसली. मी शाळेतून परतलो, तर पहिल्या रांगेत बाबा! वय चौऱ्याहत्तर, डोक्यावर टोपी, पुढ्यात कंदील. मी विचारलं, "बाबा, तुम्ही?" ते म्हणाले, "मी घोसना नाही देल्ली. नुसता बसलो."

मला आंदोलनापेक्षा पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या काळात महावितरणची 'अक्षय प्रकाश' नावाची योजना होती. गावानं आपण होऊन ठरवायचं, की संध्याकाळच्या वेळी मोटरी, गिरणी, शेगड्या बंद ठेवू, आकडे काढून टाकू. त्या बदल्यात गावात संध्याकाळी दिवे राहतील. गावानं सभा घेतली. आकडे टाकणाऱ्यांच्या दारी जायला कोणी धजेना, तेव्हा बाबा गेले. न भांडता, नावानं हाक मारून. काहींनी ऐकलं, काहींनी नाही. पण बऱ्याच संध्याकाळी पोरांना अभ्यासापुरता उजेड मिळाला. पुढं गावठाणाच्या आणि शेतीच्या वाहिन्या वेगळ्या झाल्या आणि त्या योजनेचं काम संपलं.

बल्बच्या बाबतीतही आपल्या देशानं अमेरिकेपेक्षा वेगळी वाट धरली. देशभर बंदीचा कायदा न करता किमतीवर काम केलं. २००९ मध्ये 'बचत लॅम्प योजना' आली. जुना बल्ब द्या आणि पंधरा रुपयांत सीएफएल घ्या. जानेवारी २०१५ मध्ये 'उजाला' योजना सुरू झाली. सरकारी कंपनीनं कोट्यवधी एलईडी दिवे एकदम मागवले. २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ मध्ये ३८ रुपयांना मिळू लागला. गिऱ्हाइकाला तो साधारण सत्तर रुपयांत मिळे, हप्त्यानंही घेता येई. असे ३६ कोटींहून अधिक दिवे या योजनेतून घरोघर गेले. मार्च २०२१ मध्ये 'ग्राम उजाला' आली. आपल्या शेजारच्या नागपूरसह काही भागांत जुना बल्ब देऊन दहा रुपयांत एलईडी मिळू लागला.

यातून उजव्या विचाराच्या माणसाची एक गोष्ट खरी ठरली. दिवा चांगला आणि परवडणारा असला, तर लोक काठीशिवाय घेतात. पण दुसरी गोष्ट खरी ठरली नाही. एकट्या बाजारानं हे इतक्या लवकर केलं नसतं; सरकार मोठं गिऱ्हाईक म्हणून उभं राहिलं, म्हणून भाव इतके झपाट्यानं उतरले. आणि 'माझं घर, माझा दिवा' हेही पुरतं खरं नाही. विजेचा तुटवडा असतो, तेव्हा माझ्या बल्बनं उगाच तापवलेली हवा म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी ओसरीवरचा अंधार असतो. हे सांगायला हवं, फक्त सांगणाऱ्यानं आधी विचारायला हवं. बारा तास अंधारात ठेवलेल्या गावाला बचतीचे धडे दिले, तर ते कोण ऐकेल?

२०१६ मध्ये बाबा बिल भरायला गेले आणि तिथल्या टेबलावरून दोन एलईडी दिवे घेऊन आले. एक ओसरीवर लावला, एक स्वयंपाकघरात. मला विचारलं नाही! मी काहीच बोललो नाही. फक्त त्या महिन्याचं बिल त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं.

दोन वर्षांनी बाबा गेले. देवघरातला झिरोचा दिवा मात्र तसाच होता. पंधरा वॉट, रात्रीचे दहा तास, म्हणजे महिन्याला साडेचार युनिट. नव्या मीटरला ते बरोबर दिसतात. अर्ध्या वॉटचा छोटा एलईडी दिवा मी आणून ठेवला आणि आईला विचारलं, "बदलू का?" ती म्हणाली, "राहू दे अजून थोडे दिवस." तो राहिला आहे.