थायमसमधली पारख
छातीच्या हाडामागे थायमस ही ग्रंथी असते. टी-पेशी इथेच घडतात. स्वतःच्याच शरीरावर उलटू शकणाऱ्या बहुतेक पेशी इथेच नष्ट होतात.

१९६५ मध्ये गिल्बर्ट ओमेन यांनी वर्णिलेल्या आनुवंशिक आजारात, बहुधा ‘रॅग’ जनुकांतील दोषामुळे, टी-पेशी फार थोड्या बनतात. त्यांच्या सहवासाविना थायमसही नीट वाढत नाही आणि उलटणाऱ्या पेशींची पारख ढिली पडते. मग बाळाला जंतुसंसर्ग होतातच, शिवाय त्याच्याच पेशी त्वचेवर, आतड्यांवर हल्ला चढवतात: अंग लालबुंद, केस गळतात, जुलाब थांबत नाहीत. याला नुसती ‘कमी प्रतिकारशक्ती’ म्हणणे चूकच. उपाय मूळपेशी-प्रत्यारोपणाचा.

घरात आधीचे बाळ संसर्गाने दगावले असेल, तर नवजाताला बीसीजी देण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर सांगा. जिवंत जंतूंची ही लस हा आजार असलेल्या बाळाला घातक ठरू शकते.