काळ्या झग्याआडचे स्वराज्य

मे महिना उजाडला, की पोर्तुगालातील कोइंब्रा नगरीच्या 'केइमा दश फितश' उत्सवाची छायाचित्रे जगभर प्रसृत होतात, यंदाही झाली. पदवीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांनी आपापल्या विद्याशाखेच्या रंगाच्या, वैद्यकाच्या पिवळ्या नि विधीच्या तांबड्या, चिंचोळ्या फितींची होळी करायची, मध्यरात्री जुन्या कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर काळे झगे पांघरून गिटारीच्या साथीने चाललेले 'फादु'गायन निःशब्द ऐकायचे आणि कागदी फुलांनी मढवलेल्या गाड्यांतून शहरभर मिरवायचे, हा सोहळा नयनमनोहर आहे खरा. परंतु १२९० साली लिस्बनमध्ये स्थापन होऊन १५३७ पासून कोइंब्रात कायमच्या स्थिरावलेल्या या विद्यापीठातील विद्यार्थिजीवनाचे मर्म मिरवणुकीत नाही; ते, माझ्या मते, टेकडीवरच्या अरुंद गल्ल्यांतील 'रेपुब्लिका' नामक विद्यार्थिगृहांत वसते.

इतर रूढींची वर्णने फार झाली आहेत, आणि त्यांतील सर्वच वंदनीय नाहीत. १७२८ ते १७३३ या काळात बांधलेल्या मनोऱ्यातील 'काब्रा', म्हणजे शेळी, या टोपणनावाची घंटा सायंकाळी वाजली, की नवागतांनी मुकाट्याने घर गाठावे असा दंडक होता, आणि त्यानंतर रस्त्यात सापडलेल्या नवख्याचे केस भादरण्यास ज्येष्ठांच्या टोळ्या कात्री घेऊन सज्ज असत. विद्यापीठाला स्वतःचा न्यायाधिकार होता, १८३४ पर्यंत स्वतःचा तुरुंगही होता. तरीही 'प्राश' नावाच्या या छळाला आवर घालण्यासाठी, १७२७ मध्ये एका विद्यार्थ्याचा जीव गेल्यावर, खुद्द राजा पाचवा जुआंव याला मनाईहुकूम काढावा लागला. जी रूढी नवख्याच्या भयावर पोसली जाते, तिला पुरातनत्वाची सनद दाखवून परंपरेच्या पंक्तीला बसवणे मला मान्य नाही.

रेपुब्लिकांची गोष्ट निराळी. राजा दिनिश याने १३०९ मध्ये विद्यार्थ्यांसाठी भाड्याची घरे उभारण्याची आज्ञा दिली, तिच्यात या गृहांचे मूळ दाखवले जाते. आज अशी वीसेक घरे नांदत आहेत, आणि त्यांतील जुन्यांत जुने 'कागादुश', अर्थात कासवांचे घर, १९३३ पासूनचे. भिंतींवर घोषवाक्ये नि पूर्वीच्या रहिवाशांची छायाचित्रे, मधोमध सर्वांना एकत्र जेवता येईल असे लांबलचक मेज, आणि घराचा सारा कारभार त्या मेजावर. भाडे, बाजारहाट, वीजबिल, जमाखर्च यांची जबाबदारी पाळीपाळीने प्रत्येकाकडे येते. महत्त्वाचा निर्णय बहुमताने नव्हे तर एकमताने व्हावा असा दस्तुर असल्यामुळे, एकाचा जरी विरोध असला तरी त्याचे मन वळवल्यावाचून अथवा आपले वळवून घेतल्यावाचून कोणाची सुटका नसते. घराच्या वर्धापनदिनाला येथे 'शताब्दी' म्हणतात, कारण या घरातील एक वर्ष शतकासमान मानले जाते. त्या दिवशी केस पिकलेले माजी रहिवासी विशीतल्या पोरांच्या मांडीला मांडी लावून जेवतात. एकोणीस वर्षांच्या मुलाला बटाट्याचा आणि खारवलेल्या माशाचा भाव, जमाखर्चाची वही आणि सोबत्याच्या मताची किंमत एकाच मेजावर शिकवणारी दुसरी शाळा मला ठाऊक नाही.

आपला गोमंतकही या नगरीचा ऋणी आहे. १९२३ मध्ये शिक्षणासाठी पोर्तुगालात गेलेला मडगावचा आदेओदातो बार्रेतो आणि कायद्याचा विद्यार्थी तेलो मास्कारेन्हास यांनी विद्यार्थिदशेतच हिंदी राष्ट्रवादाचा ध्वज तेथे उभारला. १९२८ मध्ये 'इंडिया नोव्हा' हे पत्र कोइंब्रातून निघाले, तेव्हा त्यामागे हीच तरुण मंडळी होती. बार्रेतो १९३७ मध्ये ऐन तारुण्यात निवर्तला. मास्कारेन्हास यांनी पुढे गोवामुक्तीपायी पोर्तुगालच्या तुरुंगात वर्षे काढली. पोर्तुगालचा हुकूमशहा असलेल्या ज्या सालाझारच्या राजवटीने त्यांना बंदीत घातले, तो सालाझारही १९२८ पर्यंत याच विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत होता! एकच विद्यापीठ सत्ताधीशही घडवते आणि त्याचा प्रतिवादीही. यात त्याची थोरवी आहे.

त्या थोरवीची कसोटी लागली १७ एप्रिल १९६९ रोजी. गणित विभागाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनास राष्ट्राध्यक्ष अमेरिकु तोमाश आले असता, विद्यार्थिसंघाचा अध्यक्ष अल्बेर्तु मार्तिंश उठला आणि त्याने विद्यार्थ्यांच्या वतीने बोलण्याची अनुज्ञा मागितली. ती मिळाली नाही. मिळाली ती अटक. विद्यार्थ्यांनी परीक्षांवर बहिष्कार घातला, आणि फितींचा उत्सव स्वतःच्या हातांनी बंद केला तो १९८० पर्यंत. १९६९ च्याच जूनमध्ये फुटबॉलच्या राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्याला कोइंब्राच्या विद्यार्थ्यांच्या 'आकादेमिका' संघाचे खेळाडू खांद्यांवर झगे टाकून मैदानात उतरले आणि प्रेक्षागारात निषेधाचे फलक उंचावले गेले. सामना बेनफिकाने जिंकला. ज्यांना आपला प्राणप्रिय उत्सव तत्त्वासाठी स्थगित करता येतो, त्यांनाच तो साजरा करण्याचा खरा अधिकार असतो.

युनेस्कोने २०१३ मध्ये या विद्यापीठाला जागतिक वारशाचा बहुमान दिला. पण २०१२ च्या भाडेसुधारणा कायद्याने जुन्या घरांची भाडी वाढण्याचा मार्ग मोकळा होताच, रेपुब्लिकांच्या अस्तित्वाची चिंता सुरू झाली होती. मनोरा, ग्रंथालय, झगे आणि फिती पर्यटकांच्या वर्दळीवरही टिकतील; ते लांबलचक मेज मात्र भाड्याच्या पावतीवर उभे आहे. कोइंब्राच्या नगरपालिकेला आणि पोर्तुगालच्या शासनाला वारसा राखावयाचा असेल, तर त्यांनी प्रथम ही वीसेक घरे राखावीत.