ऊन बाहेर, आपण एसीत!

सकाळी पावणेनऊची लोकल, दिवसभर एसी, परतताना अंधार. बीकेसी असो की हिंजवडी, आपल्या शेड्यूलमध्ये ऊन बसतच नाही. 'माझं डेस्क खिडकीपाशी आहे ना!' म्हणत असाल, तर थांबा. त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार करणारे यूव्हीबी किरण काचेतून जवळपास आत येतच नाहीत. सकाळच्या कोवळ्या उन्हातही ते कमीच. तेव्हा लंचनंतर बाह्या दुमडून टपरीपर्यंत एक चक्कर माराच. त्वचा लाल होईपर्यंत मात्र नको.

आणि इम्युनिटी? आपल्या रोगप्रतिकारक पेशींना 'ड' लागतं, हे खरं. पण जास्त गोळ्या म्हणजे जास्त इम्युनिटी, असं गणित नाही. ब्रिटनमधल्या 'कोरोनाविट' चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. तपासणी करून 'ड' कमी असलेल्यांना गोळ्या दिल्या, तरी कोविड किंवा श्वसनमार्गाचे संसर्ग घटले नाहीत.

खरा धोका आहे मैत्रिणीचं बघून सुरू केलेल्या ६०,००० युनिटच्या सॅशेचा. डॉक्टर तो सहसा आठवड्यातून एकदा, तोही ठरावीक काळच देतात. आयसीएमआर-एनआयएनच्या २०२० च्या शिफारशींनुसार रोजची गरज ६०० युनिट. म्हणजे एका सॅशेत शंभर दिवसांचा कोटा! तो रोज घेत राहिलात, तर जास्तीचं 'ड' चरबीत साठतं, रक्तात कॅल्शियम वाढतं आणि किडनीला इजा होऊ शकते.

सतत थकवा, हाडं दुखतायत? आधी डॉक्टर, मग रक्ततपासणी, मग सॅशे. टपरीपर्यंतच्या चकरेला मात्र प्रिस्क्रिप्शन लागत नाही, बॉस!