कानावर सोपवलेले काम : प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीताच्या श्रवणाचा आढावा

इलेक्ट्रॉनिक संगीताविषयी जे लिहिले गेले आहे त्याचा मोठा भाग यंत्रांनी व्यापलेला आहे. कोणता सिंथेसायझर कोणत्या साली आला, त्यात कोणते मंडल होते आणि तो कोणी विकत घेतला, याच्या नोंदी चोख मिळतात. पण समोर वाजत असलेल्या रचनेत ऐकणाऱ्याने नेमके कशाकडे लक्ष द्यावे, हा प्रश्न बहुधा वाऱ्यावर सोडलेला असतो. परिणामी नवा श्रोता तिच्यात चाल शोधतो, चाल सापडत नाही म्हणून ठेका शोधतो, आणि तोही हाती न लागल्यावर हे संगीत नव्हे असा निकाल देऊन मोकळा होतो. असा श्रोता अरसिक असतो असे नाही; त्याचा कान दुसऱ्याच कामाला जुंपलेला असतो. या परंपरेतल्या महत्त्वाच्या रचना कानावर एकेक वेगळे काम सोपवतात आणि ते काम ओळखता आले की रचना उलगडू लागते, अशी या लेखाची धारणा असल्याने येथे यंत्रांचा क्रम न लावता त्या कामांचा लावला आहे.

फ्रेंच रेडिओच्या सेवेत अभियंता असलेल्या पिएर शेफेर यांनी १९४८ मध्ये पॅरिसच्या बातिन्योल स्थानकावर आगगाडीच्या इंजिनांचे आवाज ध्वनिमुद्रित केले आणि त्यांतून जी छोटी रचना सिद्ध केली, ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रेडिओवरून प्रसारित झाली. त्या वेळी त्यांच्या हाताशी चुंबकीय फीत नव्हती. तबकडीवरची खाच जिथे सुरू झाली तिथेच आणून मिळवली की सुई त्याच वर्तुळात फिरत राहते आणि एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो, या 'बंद खाचे'वर त्यांचे पुष्कळ काम उभे होते. कोणताही आवाज प्रथम कानी पडतो तेव्हा मन त्याचा उगम शोधते. तोच आवाज विसाव्या वेळी ऐकताना उगमाचे कुतूहल संपलेले असते आणि त्याचा खरखरीतपणा, त्याचे उठणे, त्याचे विरणे पुढे येते. कारण आणि अर्थ बाजूला ठेवून ध्वनीच्या घडणीपुरते ऐकण्याच्या या रीतीला शेफेर यांनी पुढे 'न्यूनीकृत श्रवण' म्हटले आणि १९६६ मधील आपल्या संगीतवस्तूंवरील ग्रंथात तिची सविस्तर मांडणी केली. घंटेवरचा त्यांचा प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. घंटेच्या ध्वनिमुद्रणातून आघाताचा क्षण काढून टाकून केवळ त्यामागचा नाद ठेवला, तेव्हा ती घंटा राहिली नाही, ओबोसारख्या सुषिर वाद्याचा भास देऊ लागली. म्हणजे आवाजाची ओळख पटवताना कान त्याच्या पहिल्या निमिषावर किती विसंबून असतो हे त्यातून उघड झाले. मात्र आगगाडीच्या रचनेत स्वतः शेफेर यांची मागणी पुरी होत नाही, हेही सांगायला हवे. शिट्टी वाजली की श्रोत्यापुढे आगगाडीच उभी राहते, आणि ज्या तुकड्यांची पुरेशी आवर्तने होतात तेवढ्याच ठिकाणी ती दिसेनाशी होते.

जर्मनीतील कलोन येथे १९५० च्या दशकात काम उलट टोकाकडून सुरू झाले. तेथील रेडिओच्या स्टुडिओत जगातले आवाज टिपण्याऐवजी ज्यात एकच कंपनसंख्या आहे अशा 'साइन' स्वरांवर, म्हणजे स्वराच्या सर्वांत साध्या रूपावर, रचना उभारण्याचा आग्रह होता. कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन यांनी १९५६ मध्ये एका मुलाचा गाता आवाज आणि असे विद्युत्-स्वर एकत्र आणून हा आग्रह स्वतःच सैल केला, परंतु श्रवणाच्या दृष्टीने त्यांची १९५८ ते १९६० या काळात घडलेली 'कोन्टाक्टे' ही रचना अधिक महत्त्वाची आहे. तिच्या सतराव्या मिनिटाच्या आसपास एक सूर वळणे घेत खाली उतरू लागतो, आणि उतरता उतरता त्याचा सलगपणा फाटून त्यातून सुटे ठोके बाहेर पडतात. सूर म्हणजे ठरावीक वेगाने येणारी स्पंदनेच. ती सेकंदाला साधारण वीसच्या वर असली की कान त्यांना एकत्र बांधून उंची म्हणून ऐकतो, त्याखाली आली की सुटी मोजू लागतो. पुढे हे ठोकेही लांबत जाऊन पुन्हा एका सलग स्वरात मिळतात. स्वर आणि लय या दोन वेगळ्या वस्तू आहेत अशी ज्याची पक्की समजूत आहे, त्याच्या कानादेखत येथे एकीची दुसरी होते. ही जागा शब्दांत वाचून कळते, पण पटते ती ऐकल्यावरच. या साऱ्या परंपरेतून एकच मिनिट निवडायचे झाले तर हेच निवडावे लागेल.

अमेरिकेत १९६० च्या दशकात ध्वनिफितीने प्रक्रियेचे रूप घेतले, म्हणजे रचनाकाराने एक नियम ठरवून द्यायचा आणि पुढे जे घडेल ते घडू द्यायचे. स्टीव्ह राइश यांनी १९६५ मध्ये सान फ्रान्सिस्कोतील एका रस्त्यावरच्या धर्मोपदेशकाच्या वाक्याचे दोन सारखे तुकडे दोन यंत्रांवर लावून त्यांना एकमेकांपासून हळूहळू सरकू दिले. ऑल्विन ल्युसियर यांची १९६९ मधील 'आय ॲम सिटिंग इन अ रूम' ही रचना मात्र याहून खोल जाते, म्हणून तिच्यापाशी थांबणे आवश्यक आहे. एका खोलीत बसून ल्युसियर काही वाक्ये बोलतात, ज्यांत पुढे काय होणार आहे याचेच वर्णन आहे. ते ध्वनिमुद्रण त्याच खोलीत वाजवून पुन्हा मुद्रित केले जाते, ते मुद्रण पुन्हा वाजवले जाते, आणि १९८१ मध्ये तबकडीवर निघालेल्या आवृत्तीत ही फेरी बत्तीस पिढ्यांपर्यंत, सुमारे पाऊण तास, चालते. प्रत्येक खोली तिच्या लांबी-रुंदीनुसार काही कंपनसंख्या उचलून धरते आणि बाकीच्या गिळते, त्यामुळे प्रत्येक फेरीत बोलणे थोडे झिजते व खोलीचा नाद थोडा बळावतो, आणि अखेरीस शब्द पूर्णपणे विरघळून केवळ लांबलचक, काचेसारखे स्वर उरतात. शब्द कोणत्या फेरीत हरवले ते टिपणे हे श्रोत्याचे काम, आणि ते दिसते तितके सोपे नाही. मजकूर आरंभीच ऐकलेला असल्याने स्मरण कानाला मदत करत राहते आणि शब्द ऐकू येईनासे झाल्यावरही काही फेऱ्या ते ऐकू येतच आहेत असे वाटते; मधूनच खोलीत शिरलेल्या माणसाला त्याच वेळी एक अक्षरही कळत नाही. ल्युसियर बोलताना अडखळत असत, आणि बोलण्यातले हे खाचखळगे गुळगुळीत करण्याचा हा एक मार्ग आहे असे तेच त्या मजकुरात सुचवतात. प्रत्यक्षात उच्चार जातो, पण अडखळण्याची लय शेवटपर्यंत टिकते.

संथपणा ज्यांच्या रचनांत टोकाला पोहोचला त्या एलियान रादिग (जन्म १९३२) यांनी आधी शेफेर व त्यांचे सहकारी पिएर आंरी यांच्याकडे उमेदवारी केली आणि पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये 'एआरपी २५००' हा सिंथेसायझर घेऊन त्याची स्वरपट्टी तिथेच ठेवून बाकीचे यंत्र पॅरिसला आणले. पट्ट्या दाबून सूर वाजवण्याचा मोहच त्यांना नको होता. त्यांना खुंट्या फिरवून एक नाद कित्येक मिनिटे अगदी कणाकणाने बदलायचा होता. त्यांच्या संगीताचा आधार 'डोल' या भौतिक घटनेवर आहे. सेकंदाला २०० आणि २०१ कंपनांचे दोन स्वर एकत्र वाजले की सेकंदाला एक याप्रमाणे आवाजाची लाट उठते, आणि दोहोंतले अंतर कमी करत गेले की ती लाट मंदावते. ज्याने तंबोरा लावताना जवळ बसून ऐकले आहे त्याला हे नवे नाही; जोडाच्या दोन तारा पुरत्या मिळालेल्या नसतील तर त्यांच्यातली लाट ऐकू येते, मणी किंचित सरकवला की ती लांबते, आणि तारा मिळाल्या की नाहीशी होते. तंबोरा लावणाऱ्याला ती लाट घालवायची असते, रादिग तिच्यातच तासन्‌तास राहतात. त्यांच्या सुमारे तीन तासांच्या मृत्यूविषयक त्रयीचा पहिला भाग १९८८ मध्ये पुरा झाला. दुसरा, १९९१ मधील भाग कैलास पर्वताच्या मनोमन केलेल्या परिक्रमेवर बेतलेला आहे, आणि या दोहोंच्या मध्ये, १९८९ मध्ये, त्यांच्या मुलाचे अपघाती निधन झाले होते. तिबेटी बौद्ध साधनेकडे त्या १९७० च्या दशकातच वळल्या होत्या. हे चरित्र ठाऊक असल्याने श्रवण बिघडत नाही, पण फारशी मदतही होत नाही. काय बदलते आहे ते धरायला शिकवील, तेवढीच मदत कामाची.

खयालाच्या श्रोत्याला या संगीताकडे येण्याची एक वाट आयती मिळते, असा निष्कर्ष येथून सहज काढला जातो, आणि त्याला इतिहासाचा आधारही आहे. मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांच्यामुळे महाराष्ट्रात रुजलेल्या किराणा घराण्याच्याच दुसऱ्या शाखेतले, अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० मध्ये अमेरिकेत गेले, आणि ला माँट यंग, मेरियन झझीला व टेरी रायली हे तिथले प्रयोगशील कलावंत त्यांचे गंडाबंध शिष्य झाले. यंग यांना दीर्घ, स्थिर स्वरांचे वेड त्याआधीपासूनच होते. किराणा गायकीतला एकेका स्वरावरचा ठहराव त्यांना जवळचा वाटला यात नवल नाही. तरीही ही वाट अर्ध्यावर संपते. खयालाचा श्रोता समेची वाट पाहतो, रागाचे चलन ओळखतो, पुढची जागा आधीच मनात धरतो, आणि हीच तयारी रादिग किंवा ल्युसियर यांच्यापुढे अडचण ठरते, कारण तिथे पोहोचायची जागाच नसते. तंबोऱ्याकडे कान देण्याची सवय उपयोगी पडते, गायकाकडे कान देण्याची पडत नाही.

भारतातच या प्रकारचे काम झाले होते, ही गोष्ट बराच काळ विस्मरणात गेली होती. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या सहकार्याने मूग सिंथेसायझर बसवण्यात आला आणि १९७२ पर्यंत गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा व जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर रचना केल्या. या फिती ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांना संस्थेच्या संग्रहात मिळाल्या आणि त्यांचा निवडक संच २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या काही निव्वळ यंत्राची चाचपणी आहेत, आणि तसे म्हणण्यात अनादर नाही. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये डिस्कोच्या ठेक्यावर वाजवलेल्या दहा रागांची तबकडी पुढे जगभर गाजली, पण तिच्यात राग ओळखू येतो व पाय थिरकतात, त्यामुळे ती कानाला फारसे नवे काम देत नाही.

पुढे हे काम थेट कानाच्या शरीरापर्यंत गेले. मेरीॲन अमाकर यांच्या रचनांत ठरावीक उंच स्वरांच्या जोड्या इतक्या मोठ्याने वाजतात की जे स्वर ध्वनिक्षेपकातून येतच नाहीत ते श्रोत्याच्या कानातच निर्माण होतात. आतला कान स्वतः आवाज उत्पन्न करतो हे शास्त्रज्ञ डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये मोजून दाखवले आहे. जपानी कलावंत र्योजी इकेदा यांच्या १९९६ मधील तबकडीच्या अखेरीस एक अत्यंत उंच स्वर असा योजला आहे की तो वाजत असताना जाणवत नाही, थांबल्यावर जाणवतो. विल्यम बासिन्स्की २००१ मध्ये जुन्या फितींचे संगणकीय रूपांतर करत असताना त्यांवरचा लेप झडत गेला आणि ते झडणेच संगीत झाले. ही कल्पना चटकन पटते, म्हणूनच तिचा थोडा अतिरेकी गौरव झाला आहे.

हे सारे मोबाइलच्या ध्वनिक्षेपकावर ऐकण्यात अर्थ नाही, कारण रादिग यांचा खर्ज त्यातून बाहेरच पडत नाही, आणि कमी दर्जाच्या एमपी-थ्री फायलीत सुमारे १६ हजार कंपनांवरचे स्वर बहुधा कापलेले असतात. रादिग व ल्युसियर चांगल्या हेडफोनवर ऐकता येतील. अमाकर यांच्यासाठी मात्र खोलीत मांडलेले ध्वनिक्षेपकच हवेत, आणि आवाज बेताने वाढवावा, कारण कानाला झालेली इजा भरून येत नाही. ज्या वाचकाला प्रारंभ करायचा आहे त्याने 'कोन्टाक्टे'तली ती सतराव्या मिनिटाची जागा आधी ऐकावी, मग ल्युसियर यांची पाऊण तासाची आवृत्ती मध्ये न थांबवता ऐकावी, आणि रादिग यांच्याकडे त्यानंतरच वळावे.