अकलूजच्या उन्हात लॅपटॉपची बॅटरी

एप्रिल-मेमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजचा पारा चाळिशी ओलांडतो. अशा दुपारी पत्र्याच्या खोलीत, गादीवर लॅपटॉप ठेवून आणि चार्जर लावून कुणी कॉलेजचा प्रोजेक्ट करत बसलं, तर त्या बॅटरीचं आयुष्य तिथेच घटत असतं. पुढे वर्ष-दीड वर्षात बॅटरी तासाभरात उतरायला लागली की दोष मात्र रात्रभर चार्जिंगला ठेवण्याला, नाहीतर गावातल्या कमी-जास्त व्होल्टेजला दिला जातो. उन्हाचं नाव कुणी घेत नाही.

गैरसमजांची सुरुवात लॅपटॉप घरी येतो त्या दिवशीच होते. पहिल्यांदा आठ तास चार्ज करा, पुढे दर वेळी शून्यावर आणूनच चार्जर लावा, असा सल्ला हमखास मिळतो. हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांसाठी होता. अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा चार्ज केलं की त्यांची क्षमता कमी झाल्यासारखी वाटे. आजच्या लॅपटॉपमध्ये असते लिथियम-आयन बॅटरी. ती 1991 मध्ये सोनीने बाजारात आणली आणि तिच्या घडणीसाठी 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळालं. तिला ही खोड नाही, उलट वारंवार शून्यावर नेलं तर ती लवकर थकते. अर्ध्यावर असताना चार्जर लावला म्हणून चार्जिंगची एक पूर्ण सायकल खर्च होत नाही. पन्नास-पन्नास टक्के दोनदा वापरलं की एक सायकल मोजली जाते.

दुसरा गैरसमज घरातल्या इन्व्हर्टरवरून आलेला आहे. इन्व्हर्टरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्धी राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट साचतं, म्हणून ती कायम भरलेली ठेवायची असते. तोच नियम आपण लॅपटॉपला लावतो आणि इथे तो उलटा पडतो. लिथियम-आयनचा सेल शंभर टक्के भरला की सुमारे 4.2 व्होल्टवर असतो. या ताणात आतल्या ग्राफाइटवरचा पातळ थर हळूहळू जाड होतो आणि उपयोगाचं लिथियम त्यात अडकून पडतं. उष्णता या क्रियेला वेग देते. चाळीस टक्के भरलेली बॅटरी 25 अंशांत वर्षभर नुसती ठेवली तर साधारण 96 टक्के क्षमता उरते. पूर्ण भरलेली बॅटरी 40 अंशांत ठेवली तर उरते 65 टक्क्यांच्या आसपास. तिचा काहीही वापर न करता! सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाने हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, कारण 40 अंश ही आपल्याकडची उन्हाळ्यातली नेहमीची दुपार आहे.

रात्रभर चार्जर राहिला तर बॅटरी गरजेपेक्षा जास्त भरून फुटेल, ही भीती मात्र खोटी. भरली की आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं. नुकसान होतं ते महिनोन्‌महिने शंभर टक्क्यांवर आणि गरम राहण्याने. लॅपटॉप बहुतेक वेळ टेबलावरच असेल तर चार्जिंगला ऐंशी टक्क्यांची मर्यादा घालावी. लिनोवोच्या ‘व्हँटेज’मध्ये, असूसच्या ‘मायअसूस’मध्ये ती सोय असते, डेल-एचपीच्या अनेक लॅपटॉपमध्ये बायोसमध्येही सापडते. लाइट जाणार असेल, परीक्षेचं काम असेल, त्या दिवशी खुशाल मर्यादा काढून पूर्ण भरा. एखाद्या दिवसाने काही बिघडत नाही.

व्होल्टेजचं म्हणाल तर अडॅप्टरवर 100 ते 240 व्होल्ट असं छापलेलंच असतं. त्या टप्प्यातला चढउतार तो स्वतः सोसतो, बॅटरीपर्यंत पोचू देत नाही. धोका असतो तो विजांच्या कडकडाटाचा आणि स्वस्तातल्या नकली अडॅप्टरचा.

लवकर उतरते म्हणजे बॅटरी गेली, हा निष्कर्षही घाईचा ठरतो. टाकी लहान झाली की नळ जास्त सुटलाय, हे आधी बघावं. बॅटरी 45 वॉट-तासांची असेल आणि लॅपटॉप 15 वॉट खात असेल, तर ती तीनच तास चालणार. खर्च 6 वॉटवर आणला तर तीच साडेसात तास चालेल. स्क्रीनचा उजेड कमी करणं हा सगळ्यात मोठा उपाय. ब्राउझरमधले उघडे टॅब आणि गेमिंग लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड त्यानंतर. काळ्या वॉलपेपरने बचत होते ती ओलेड स्क्रीनवर, साध्या एलसीडीवर जवळपास नाही. बऱ्याच जणांना ठाऊक नसलेली आणखी एक गोष्ट: झाकण मिटलं तरी नवे विंडोज लॅपटॉप पूर्ण झोपत नाहीत. एसटीने पुण्याला निघताना बॅगेत टाकलेला लॅपटॉप आतल्या आत जागा होतो, तापतो आणि बॅटरीही संपवतो. प्रवासाआधी तो शट डाउन किंवा हायबरनेट करावा.

टाकी किती उरली हे विंडोज स्वतः सांगतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत पॉवरसीएफजी, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून बॅटरीरिपोर्ट असं टाइप केलं की अहवाल तयार होतो. त्यातली ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ शेजारी ठेवून पाहा. दुसरा आकडा पहिल्याच्या ऐंशी टक्के असेल तर बॅटरी बदलण्यात पैसे घालू नका, विजेचा खर्च आवरा. पन्नासच्या खाली गेला असेल तर बदला. तीस टक्के दाखवत असताना लॅपटॉप अचानक बंद पडत असेल, तर एकदा पूर्ण भरून पूर्ण उतरवून बघा. त्याने फक्त टक्क्यांचा हिशेब सुधारतो, गेलेली क्षमता परत येत नाही.

नवी घेताना नुसत्या एमएएचच्या आकड्यावर जाऊ नका. 14.8 व्होल्टची 2200 एमएएच बॅटरी सुमारे 32.6 वॉट-तासांची होते, तर 11.4 व्होल्टची 3600 एमएएच सुमारे 41 ची. तुलना वॉट-तासांचीच करायची आणि व्होल्ट आपल्या मॉडेलचेच हवेत. बॅटरीवर भारतीय मानक आयएस 16046 ची नोंद आहे का, हेही दुकानातच बघून घ्या.

टचपॅड वर उचलला गेला किंवा तळ फुगला, तर आत वायू साठला आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा. फुगवटा दाबू नका, टोचू नका. बॅटरी जाणकार दुरुस्तीवाल्याकडूनच काढून घ्या. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेऊन पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच द्या.